फोन ठेवा, शेजाऱ्याला हाक मारा

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या बिडी गावात मार्च २०२५ च्या अखेरच्या आठवड्यात एका वृद्ध जोडप्याने आपलं जीवन संपवलं. ते ऐंशी ओलांडलेले, त्या ऐंशीच्या उंबरठ्यावर. मूलबाळ नाही. महाराष्ट्र सरकारच्या सचिवालयातल्या नोकरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ उतारवयात गावाकडे येऊन राहिले होते. मागे त्यांनी दोन पानांची चिठ्ठी ठेवली, आणि तिच्यामुळेच पुढचं सारं बाहेर आलं.

दिल्लीहून टेलिकॉम खात्याचा अधिकारी बोलतोय, असं सांगत एक फोन आला होता. तुमच्या नावावर सिमकार्ड घेऊन कुणीतरी गैरप्रकार केले आहेत, असं त्यांना सांगण्यात आलं. मग फोन दुसऱ्याकडे गेला. तो म्हणे गुन्हे शाखेचा. त्याने मालमत्तेची, ठेवींची चौकशी केली आणि पैसे मागायला सुरुवात केली. पन्नास लाखांहून अधिक रक्कम गेली, तरी मागणी थांबेना. सोनं तारण ठेवून सात लाखांवर कर्ज काढलं, ओळखीच्या माणसांकडून उसने घेतले. चिठ्ठीच्या शेवटी त्यांनी लिहिलं होतं, की कानातले आणि बांगड्या विकून ज्यांचे पैसे घेतले त्यांचे परत करावेत, आणि दोघांचे देह वैद्यकीय शिक्षणासाठी द्यावेत.

ज्याचं सर्वस्व लुटलं गेलं, त्याला अखेरच्या घटकेला काळजी होती ती उसनवारी फेडण्याची. या एका गोष्टीवर जरा थांबायला हवं. कारण अशी बातमी आली की कट्ट्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘लोभ नडला.’ दुसरं, ‘शिकलेली माणसं, एवढं कळू नये?’ बिडीच्या घरात लोभाचा लवलेश नव्हता. शिक्षण होतं, सरकारी कारभाराची ओळख होती, उभ्या हयातीचा कागदपत्रांचा अनुभव होता. भामट्यांनी हात घातला तो अब्रूला. आयुष्यभर ज्याने कुणाची पै बुडवली नाही, त्याच्या दारात पोलीस येणार, गाव बघणार, या भीतीपुढे पन्नास लाखही कमी वाटतात. प्रामाणिक माणूस या सापळ्यात जास्त खोल जातो. निर्ढावलेला माणूस ‘या, करा अटक’ म्हणून फोन आपटतो.

या प्रकाराला ‘डिजिटल अरेस्ट’ असं नाव पडलं आहे. अशी कोणतीही अटक भारतीय कायद्यात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची तरतूद नाही, आणि पैसे ‘पडताळणीसाठी’ एखाद्या खात्यात जमा करून घेण्याचा अधिकार पोलीस, सीबीआय, ईडी, कस्टम्स किंवा रिझर्व्ह बँक यांपैकी कुणालाही नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्वतः सांगितलं. त्यानंतर पाच महिन्यांनी बिडीची घटना घडली.

आकडे पाहिले की हे एकट्या-दुकट्याचं दुर्दैव नाही, हे लक्षात येतं. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२३ मध्ये सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे ७,४६५ कोटी रुपये गेले होते. २०२४ मध्ये हा आकडा २२,८४५ कोटींवर पोचला. नुसत्या ‘डिजिटल अरेस्ट’ आणि त्यासारख्या गुन्ह्यांच्या २०२४ मधल्या तक्रारी सव्वा लाखाच्या घरात होत्या आणि त्यांत गेलेली रक्कम १,९३५ कोटी. त्याच्या दोन वर्षं आधी, २०२२ मध्ये, हीच रक्कम ९१ कोटी होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये हरियाणातल्या अंबाल्याच्या एका वृद्ध महिलेच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि १ डिसेंबरला अशा प्रकरणांचा देशभरातला तपास सीबीआयकडे सोपवला. भामट्यांनी त्या महिलेला सर्वोच्च न्यायालयाचेच बनावट आदेश दाखवले होते.

बनावट न्यायालयाचा प्रकार त्याआधीही झाला होता. लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांना ऑगस्ट २०२४ मध्ये चक्क व्हिडिओवर खोटी सुनावणी दाखवण्यात आली. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचं सोंग घेऊन कुणीतरी बोलत होतं. ओसवालांचे सात कोटी गेले. पण त्यांनी आपल्या माणसांना सांगितलं, तक्रार झाली, आणि पंजाब पोलिसांनी सव्वापाच कोटी रुपये परत मिळवले. ज्या डावात एवढा मोठा उद्योगपती फसला, त्याच डावात बिडीचं पेन्शनर घर फसलं. फरक पडला तो बोलण्याने.

बोलू न देणं हाच तर या गुन्ह्याचा कणा आहे. ‘हे राष्ट्रीय गुपित आहे, घरात कुणाला सांगितलंत तर त्यांनाही अटक होईल’, ‘कॅमेरा बंद करायचा नाही’, ‘बँकेत विचारलं तर घर घ्यायचंय म्हणून सांगा’. अशी वाक्यं त्यांच्याकडे पाठ असतात. दोन दिवस, चार दिवस माणसाला एका खोलीत मोबाईलसमोर बसवून ठेवायचं. या काळात पुतण्याने सहज डोकावलं, शेजारीण डबा घेऊन आली, किंवा दूधवाल्याने ‘काका, बरं नाही काय?’ विचारलं आणि काकांनी तोंड उघडलं, तरी खेळ संपतो. म्हणून ओटीपी देऊ नका, पिन सांगू नका, या सूचनांचा इथे फारसा उपयोग होत नाही. इथे माणूस स्वतः बँकेत जातो, स्वतः फॉर्म भरतो, स्वतः सही करतो.

महाराष्ट्र-कर्नाटकाच्या या सीमाभागात पैशाचा व्यवहार अगदी परवापर्यंत चेहऱ्यावर चालत होता. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केलेली पिग्मी ठेव या भागात एवढी रुजली, की बँक वेगळी असली, सोसायटी वेगळी असली, तरी लोक ‘पिग्मी’च म्हणतात. संध्याकाळी पिग्मीवाला येणार, दुकानदार गल्ल्यातून पन्नास-शंभर काढून देणार, तो छोटी पावती फाडून देणार. निपाणीच्या बाजारपेठेत, बेळगावच्या खडेबाजारात हे रोजचं दृश्य. पिग्मीवाल्याला घरातलं लग्न, आजारपण, मुलाचं कॉलेज, सगळं ठाऊक. दुकानदाराने एकदम सगळी पिग्मी मोडायला काढली तर तो विचारणारच, ‘का ओ, काय झालं?’

आता तो प्रश्न विचारणारं कुणी उरलं नाही. मोबाईलवर अंगठा टेकवला की लाख रुपये झारखंडात किंवा गुजरातेत जातात, तिथून दहा मिनिटांत दहा खात्यांत फुटतात. जुन्या दिवसांचे गोडवे गाण्यात अर्थ नाही, कारण चेहरे पाहून ठेवलेले पैसेही बुडालेले आहेत. संगोळ्ळी रायण्णा सोसायटीत अडकलेल्या ठेवींची आठवण बेळगावात अजून ताजी आहे. अनेकांना तेव्हा पहिल्यांदाच कळलं की ठेव विमा संरक्षण बँकांना असतं, सहकारी पतसंस्थांना किंवा सौहार्द सोसायट्यांना नसतं. दोन टक्के व्याज जादा मिळतं म्हणून आयुष्याची पुंजी सोसायटीत ठेवणाऱ्याला हे आजही काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. तरीही तो ‘का ओ, काय झालं?’ हा प्रश्न मोलाचा होता.

हैदराबादेत २०२४ मध्ये स्टेट बँकेच्या एका शाखेत नेमका हाच प्रश्न विचारला गेला. ठेवी मोडायला आलेले ज्येष्ठ ग्राहक घाबरलेले दिसले, मालमत्ता घ्यायची आहे म्हणाले. कर्मचाऱ्यांनी ऐकून सोडून दिलं नाही. घरच्यांना घेऊन या म्हणाले, पुन्हा आले तेव्हा पुन्हा विचारलं, शेवटी वर्तमानपत्रातल्या बातम्या दाखवल्या. ग्राहक चिडले होते, बँक बदलतो म्हणाले होते. पैसे वाचले.

सोनेतारणाचंही तसंच आहे. सोनं मोबाईलवरून गहाण पडत नाही. कुणीतरी ते काट्यावर ठेवतं, कस लावतं, सही घेतं. ऐंशीच्या घरातला माणूस बायकोचे दागिने घेऊन आला, तर समोर बसलेल्याने दोन मिनिटं काढून ‘काका, कशासाठी लागतायत? कुणाचा फोन आला होता काय?’ एवढं विचारणं हा कामाचा भाग मानला गेला पाहिजे. ग्राहकाच्या खासगी व्यवहारात नाक खुपसू नये, हा शहाणपणा या बाबतीत चुकीचा आहे. साठीपुढच्या ग्राहकाने अचानक मुदतठेवी मोडून अनोळखी खात्यात मोठी रक्कम पाठवायला काढली, तर ती एक दिवस थांबवावी आणि त्याने आधी नेमून दिलेल्या जवळच्या माणसाला कळवावं, अशी सोय प्रत्येक बँकेने आणि सोसायटीने करायला हवी. नॉमिनीचं नाव लिहून घेताना जो रकाना भरतात, त्याच्याच खाली आणखी एक रकाना लागेल.

लुटीचा दुसरा मार्ग अंगठ्यातून जातो, आणि तो खेड्यातल्या माणसाच्या जास्त जवळचा आहे. आधारवर चालणाऱ्या व्यवहारात बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर पैसे निघतात. ओटीपी लागत नाही. २०२३ मध्ये कर्नाटकात अशा तक्रारींची रांग लागली. जमिनीची, घराची खरेदी नोंदवलेल्या लोकांच्या खात्यांतून पैसे जाऊ लागले. नोंदणी झालेल्या दस्तांच्या प्रतींवर आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे दिसत होते. त्यांवरून सिलिकॉनचे नकली ठसे बनवता येतात. त्यानंतर राज्याच्या महसूल खात्याने दस्तांच्या प्रतींवरचे ठसे झाकण्याचा निर्णय घेतला. पण त्याआधी निघालेल्या प्रती कुठे कुठे पडल्या आहेत, कोण मोजणार? ज्याने गेल्या काही वर्षांत जमीन घेतली किंवा वाटणीपत्र नोंदवलं, त्याने आधारच्या अधिकृत अ‍ॅपवर किंवा संकेतस्थळावर आपले ठसे ‘लॉक’ करून ठेवावेत. लागतील तेव्हा काही मिनिटांसाठी उघडता येतात. झेरॉक्स देताना पूर्ण आधारऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड आधार’ द्यावं. हॉटेलच्या काउंटरला, सिमच्या दुकानाला, भाडेकराराच्या एजंटाला आपण उत्साहाने देत सुटलेल्या झेरॉक्स कुणाच्या कपाटात आहेत, याचा हिशेब कुणीच देऊ शकणार नाही.

बायकांची नावं तर फार स्वस्तात वापरली गेली. २०२४ च्या अखेरीस बेळगाव जिल्ह्यातल्या अनेक गावांतल्या महिला मोठ्या संख्येने पोलिसांकडे आणि जिल्हा प्रशासनाकडे आल्या. मायक्रोफायनान्सचं कर्ज त्यांच्या नावावर काढलं गेलं होतं. ‘अर्धी रक्कम तुम्ही ठेवा, अर्धी द्या, हप्ते आम्ही भरू’, असं ओळखीच्याच बाईने सांगितलं होतं. काही दिवस हप्ते भरले गेले, मग बंद झाले, आणि वसुलीवाले दारात उभे राहिले. या जाचाच्या राज्यभरातल्या तक्रारींनंतर कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये वसुलीतल्या जबरदस्तीविरुद्ध अध्यादेश काढला. वसुलीचा त्रास कमी होईल, पण कर्जदार म्हणून नोंदलेलं नाव पुसलं जात नाही. सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती संस्थेने वर्षातून एक संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. आपल्या नावावर कुठे कर्ज उभं आहे, ते त्यात दिसतं. विडी वळणाऱ्या किंवा शेतमजुरीला जाणाऱ्या बाईला हा अहवाल कोण काढून देणार? बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीत एखाद्या शिकलेल्या मुलीने मोबाईल घेऊन बसावं, एवढंच त्याचं उत्तर आहे. ते अवघड नाही.

आपल्या नावावर किती सिम चालू आहेत, हेही ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर कळतं. अनोळखी क्रमांक दिसला तर तिथूनच बंद करण्याची विनंती करता येते. ‘तुमच्या नावाच्या सिमवरून गुन्हा झालाय’ असं कुणी म्हणालं, की हे एकदा पाहून ठेवलेलं असलं तरी निम्मी भीती जाते.

आणि गुन्हेगार नेहमी दूरदेशीचेच असतात, असंही समजू नये. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव शहरातच, बॉक्साईट रोडवर, एक बनावट कॉल सेंटर पोलिसांनी पकडलं. ३३ जणांना अटक झाली. ही तरुण मुलं-मुली वेगवेगळ्या राज्यांतून आणलेली होती आणि इथे बसून अमेरिकेतल्या लोकांना लुटत होती. त्याच वर्षी मार्चमध्ये म्यानमारच्या सीमेवरच्या सायबर छावण्यांतून ५४९ भारतीयांना सरकारने विमानाने परत आणलं होतं. नोकरीच्या आमिषाने नेलेली ही माणसं तिथे डांबून ठेवली होती. कॉलेजातल्या पोराने दोन-पाच हजारांसाठी आपलं बँक खातं ‘वापरायला’ दिलं, की तोही याच साखळीचा दुवा होतो. चोरीचे पैसे अशाच खात्यांतून फिरतात आणि पोलीस सर्वांत आधी खातेदाराच्या दारात येतात. निपाणी-चिकोडीतल्या पालकांनी हे आपल्या मुलांना नीट समजावून सांगायला हवं.

सीमाभागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे, ती भाषेची. बँकांनी ग्राहकांसाठीचे फलक आणि फॉर्म हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषेत ठेवावेत, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. इथे प्रादेशिक म्हणजे कन्नड. खानापूर, बेळगाव, निपाणीतल्या ज्या मराठी म्हाताऱ्यांना या तिन्ही भाषा धड वाचता येत नाहीत, त्यांच्यापर्यंत फसवणुकीची सूचना पोचतच नाही. त्यातही हिंदी-इंग्रजीत आलेला शासकीय कागद म्हणजे काहीतरी वरचं, गंभीर, आपल्या आवाक्याबाहेरचं, ही भावना इथे पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. भामट्याचं ‘वॉरंट’ त्याच भाषेत येतं. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा त्याहून अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे अल्पसंख्याकांसाठीच्या योजनेत फार पूर्वीच मान्य झालेलं आहे. या मागणीवर इथे खूप राजकारण झालं, आंदोलनं झाली, खटले चालू आहेत. पण सायबर फसवणुकीची पाटी मराठीत लावण्याने कुणाच्याही अस्मितेला धक्का लागत नाही. कन्नड आजीला कन्नडमध्ये आणि मराठी आजीला मराठीत सांगा, दोघींचेही पैसे त्याच चोरांच्या खात्यात जातात. बेळगाव जिल्हा पोलिसांना आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँकेला ही गोष्ट उद्याही करता येईल.

दुसरी अडचण हद्दीची. निपाणीत घर, कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत नोकरी, कोल्हापुरात बँक खातं, असं जगणारी शेकडो कुटुंबं आहेत. पैसे गेल्यावर तक्रार कर्नाटकात करायची की महाराष्ट्रात, या विचारात सकाळ जाते, आणि तीच सकाळ महत्त्वाची असते. नव्या संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला तरी कोणत्याही ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते. पण ठाण्यात जाण्याआधी १९३० या क्रमांकावर फोन करावा. तो देशभर चालतो. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यांत गेले त्या बँकांना कळवलं जातं आणि जेवढे अजून निघालेले नाहीत तेवढे गोठवले जातात. cybercrime.gov.in या सरकारी पोर्टलवरही तक्रार लिहिता येते. कर्नाटकात प्रत्यक्ष तपासासाठी ‘सीईएन’ (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे) पोलीस ठाणी आहेत, बेळगावातही आहे.

बँकेला कळवण्याचा वेगही पैशाच्या मोलाचा आहे. ग्राहकाची काही चूक नसताना तिसऱ्याच माणसाने खात्यातून पैसे काढले, आणि बँकेकडून सूचना आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवलं, तर त्याची जबाबदारी शून्य, असं रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवलं. उशीर होईल तसा भार ग्राहकावर येतो. मात्र भीतीपोटी स्वतःच्या हाताने पाठवलेल्या पैशांना हे संरक्षण सहज मिळत नाही. बिडीसारख्या प्रकरणांत कायद्यातली ही मोकळी जागा सर्वांत जास्त टोचते. डोक्यावर पिस्तूल लावून घेतलेली सही कायदा मानत नाही. चार दिवस व्हिडिओ कॉलवर कोंडून घेतलेली सही मात्र ‘ग्राहकाची संमती’ धरली जाते. हा नियम बदलायला हवा, आणि तो बदलेपर्यंत बँकांनी काउंटरवरच माणूस अडवायला हवा.

घरच्यांनीही एक गोष्ट सांभाळावी. पैसे गेल्याचं वडिलांनी सांगितलं, की पहिला शब्द रागाचा निघतो. ‘एवढे पेपर वाचता, तरी?’ त्या एका वाक्याने माणूस पुन्हा मिटतो, आणि पुढचा हप्ता गुपचूप भरतो. गेलेल्या पैशांचा हिशेब नंतर करता येतो. आधी १९३० लावावा, मग बँक, मग चहा. मन खचलं असेल तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, तिथे दिवसरात्र कुणीतरी ऐकतं.

बिडीच्या त्या घराला मुलगा नव्हता, सून नव्हती. अशी घरं सीमाभागातल्या प्रत्येक गावात वाढत आहेत. ज्यांना मुलं आहेत, त्यांचीही मुलं पुण्यात, बेंगळुरूत किंवा आखातात आहेत. तुमच्या गल्लीत असं एखादं जोडपं राहत असेल, तर या रविवारी त्यांच्याकडे जा. फोनवर पोलीस म्हणून कुणी बोललं तर आधी मला हाक मारा, मध्यरात्र असली तरी मारा, एवढं त्यांना तोंडाने सांगा. आणि निघताना त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, लांबून दिसेल अशा जाड अक्षरांत, १९३० आणि त्याखाली तुमचा नंबर लिहून या.